स्मरणिकेचा ठसा

आमच्या मंडळाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मॉनिटरच्या कपाळावरच चिकटपट्टीने लावलेला असे. कोणी विसरू नये, एवढाच त्यामागचा शुद्ध हेतू. त्यामुळे कार्यकारिणीचे सदस्य, त्यांच्या बायका, तबला शिकायला येणारे आणि एकदा तर पाण्याचा कॅन पोचवायला आलेला माणूससुद्धा त्या कॉम्प्युटरवर मोकळेपणाने बसत. गेल्या वर्षी याच मोकळेपणातून गणपतीच्या निमंत्रणपत्रिकेत अध्यक्षांचं नाव सर्वांत शेवटी, मांडववाल्याच्याही खाली छापून आलं. पत्रिका सर्वांनी तपासली होती, सर्वांच्या सह्याही झाल्या होत्या. सह्यांनंतर आणि छापखान्याच्या आधी कोणीतरी ती उघडली होती. कोणी, ते आजतागायत कळलेलं नाही. अध्यक्षांनी त्या गणपतीत मंडळाच्या मोदकाला हात लावला नाही.

म्हणून यंदा मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची वेळ आली तेव्हा ती लिहिणार कोण, याची काळजी कोणालाच नव्हती. रायपुरात मराठी माणसं थोडी असली तरी लिहिणारी पुष्कळ. काळजी होती ती लिहून झाल्यावर बदलणार कोण, याची.

नेमकं त्याच सुमारास आमच्या खात्याने मला एका प्रशिक्षणाला धाडलं. मी नवा रायपुरात एका संचालनालयात आहे. प्रशिक्षणाचा विषय होता संगणकातल्या फाइलींशी झालेली छेडछाड ओळखणे. ज्यांना त्यातलं समजलं असतं ते दौऱ्यावर होते आणि ज्यांना समजण्याची भीती होती ते रजेवर गेले, म्हणून मी. चहापर्यंत मलाही काही उमगलं नाही. चहानंतर शिकवणाऱ्या बाईंनी एक भलीमोठी फाइल घेतली आणि तिचा ठसा काढून दाखवला. ठसा म्हणजे अंगठ्याचा असतो तसाच, फक्त तो अक्षरांचा आणि आकड्यांचा. मग त्यांनी त्या फाइलीतला एकच पूर्णविराम पुसला आणि पुन्हा ठसा काढला. तो मुळापासून शेंड्यापर्यंत वेगळा निघाला. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं सरकारी नोकरी केली, पण एक पूर्णविराम हलला म्हणून बोंब मारणारं कोणी या खात्यात मी बघितलं नव्हतं.

परतीच्या स्टाफ बसमध्ये माझ्या शेजारी सुशील होता. सुशील आमच्या कॉम्प्युटर शाखेतला, मूळचा अमरावतीकडच्या घराण्यातला. मराठी सगळं समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. नवा रायपुरचे रस्ते एवढे रुंद आणि एवढे मोकळे आहेत की त्यांवरून जाताना माणसाच्या डोक्यात मोठे विचार येतातच. त्याने सांगितलं की असा ठसा घेणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एकदा खरी फाइल ठरवायची, तिचा ठसा घ्यायचा, तिची एक प्रत कुलपात ठेवायची. मग ते सॉफ्टवेअर दर तासाला ठसा ताडून बघतं आणि जुळला नाही तर भोंगा वाजवतं. मग कुलपातली प्रत काढायची आणि बटण दाबून फाइल पूर्ववत करायची. पंडरीच्या चौकात बस थांबेपर्यंत मी मनाने स्मरणिकेचा रक्षक झालेलो होतो.

मंडळाच्या सभेत मी ही कल्पना मांडली आणि अपेक्षेप्रमाणे सल्ल्यांचा पाऊस पडला. एकाने सुचवलं की त्यापेक्षा पेन ड्राइव्ह देवघरात ठेवावा, देवघरात कोणी चोरी करत नाही. दुसऱ्याने कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधण्याचा सौम्य प्रस्ताव दिला. खजिनदारांनी घटना काढली. घटनेप्रमाणे मंडळात कोणतीही नवी वस्तू आणायची तर तीन कोटेशनं लागतात. वस्तू फुकट आहे म्हटल्यावर ते म्हणाले, मग फुकटाची तीन आणा. मी खरोखरच तीन जणांकडून शून्य रुपयांची कोटेशनं आणली. तिन्हींतलं कमीतकमी कोणतं, यावर जी चर्चा झाली तिचं इतिवृत्त मंडळाकडे आहे, जिज्ञासूंनी पाहावं.

या सगळ्यात माझ्या बाजूने एकच माणूस उभा राहिला, ते आमचे शेजारी अनंतराव. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. मी या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहायला आलो त्या दिवशी त्यांच्याच घरून आमच्याकडे पिठलं-भात आला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी शांताबाई गेल्या. तेव्हापासून त्यांचा संध्याकाळचा चहा आमच्याकडे होतो. सभेत ते सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "बंडू करतो म्हणून राहिला तर करू द्या न. त्याच्यात त्याचा काय स्वार्थ आहे?" त्यावर सभेने मंजुरी दिली. मला बंडू म्हणणारं त्यांच्याशिवाय आता रायपुरात कोणी उरलेलं नाही, आणि सभेत तसं म्हटल्याने माझ्या अधिकाराला जो धक्का बसला तो मी मोठ्या मनाने सोसला.

स्मरणिका लिहून तयार झाली ती नवरात्राच्या सुरुवातीला. सर्वांनी वाचली, सर्वांनी सह्या केल्या. ठसा घ्यायला मी बाह्या सावरल्या आणि उपाध्यक्ष विनोदिनीबाईंनी हात वर केला. त्यांचं म्हणणं असं की सुवर्णमहोत्सवाचं काम, आणि ते असं मधल्या एखाद्या दिवशी उरकायचं हे बरं दिसत नाही. दसरा आठवड्यावर आला आहे. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त. खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा करावी, एक दिवस त्याला विश्रांती द्यावी आणि दसऱ्याला ठसा घ्यावा. सभेने टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर मीही वाजवल्या. आपल्या हातून होणाऱ्या कामाला नारळ फुटणार असेल तर कोणाला नको असतं?

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सुशीलला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. "सर, ठसा तो अभी लो. आज के आज. पूजा बाद में कर लेना," तो म्हणाला. मी त्याला आपल्या परंपरेतलं शस्त्रपूजनाचं महत्त्व समजावून सांगितलं. सिलतऱ्याच्या कारखान्यांत लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांचीसुद्धा पूजा होते, मग आपल्या फाइलीने काय पाप केलं? त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला. एका आठवड्यात असं काय आभाळ कोसळणार होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

खंडेनवमीला कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली. कीबोर्डाला हळदकुंकू वाहिलं, त्यामुळे दोन अक्षरं कायमची बसली ती अजून उठलेली नाहीत. दसऱ्याला सकाळी सगळे नटूनथटून जमले. नारळ वाढवला तो अनंतरावांनी. मी ठसा घेतला, मूळ प्रत कुलपात टाकली आणि नवा पासवर्ड लावला. तो ठसा मोठ्या अक्षरांत छापून, चौकटीत घालून गणपतीच्या तसबिरीशेजारी लावण्यात आला. चौसष्ट अक्षरं आहेत हे कळल्यावर एका ज्येष्ठ सदस्याने चौसष्ट कलांशी त्याचा संबंध जोडून छोटंसं भाषण केलं. मग आपट्याची पानं वाटून आम्ही एकमेकांना सोनं दिलं. नवा पासवर्ड संध्याकाळपर्यंत मॉनिटरच्या कपाळावर चिकटलेला होता.

पुढच्याच दिवशी भोंगा वाजला.

भोंगा म्हणजे सुशीलने बसवलेला आवाज. तो बदलता येतो असं ऐकलं होतं, पण कसा ते कोणाला ठाऊक नव्हतं. तो वाजला की समोरच्या गल्लीतली माणसं घड्याळं बघू लागत, कारखान्याची पाळी सुटली म्हणून. आवाजाबरोबर माझ्या फोनवर संदेशही येई की फाइल बदललेली आहे. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून धावत आलो. नवा रायपुराहून भर दुपारी रायपुरला यायला बस मिळणं हे एक स्वतंत्र व्रत आहे. चौकशीत निष्पन्न झालं की खजिनदार स्मरणिका नुसती बघायला आले होते. बघितली, काही बदललं नाही, आणि जाताना सभ्य माणसासारखं सेव्हचं बटण दाबून गेले. तेवढ्यानेही ठसा बदलतो. मी कुलपातली प्रत काढली आणि फाइल पूर्ववत केली.

हे पुन्हा पुन्हा घडू लागलं. आपलं नाव ठीक छापलंय का हे बघायला माणसं येत आणि सेव्ह करून जात. मी प्रत्येकाला समजावलं, फलक लावला, एकदा आवाजही चढवला. हळूहळू बघायला येणारे थांबले. भोंगा मात्र थांबला नाही. कोणीतरी येऊन फाइलीत हात घालतच होतं, आणि भोंगा वाजून लोक धावेपर्यंत घरी गेलेलं असे. हा बघ्या नव्हता. हा मुद्दाम करणारा होता. मला एक शत्रू मिळाला होता आणि, का लपवू, थोडं बरंही वाटलं.

सुशील बसमध्ये एकदा म्हणाला, "सर, बदला क्या है, वो भी तो देख लो." मी म्हणालो, चोराने काय आणून ठेवलं हे बघत बसायचं नसतं, घर आधी होतं तसं करायचं असतं. हे वाक्य मला एवढं आवडलं की मी ते त्या दिवशी ऑफिसातही दोघांना ऐकवलं. फाइल न उघडता बटण दाबायचं, झालं. दोनदा मी असं पूर्ववत केलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी तपासाची प्रगती अनंतरावांना सांगत असे. ते त्या दिवसांत गप्प गप्प होते. मला वाटलं, थंडी सुरू झाली की त्यांचे गुडघे धरतात, त्यातलं असेल. मी मोठ्या उत्साहात म्हणालो की त्या नालायकाने काय घुसडलं होतं ते मी बघितलंसुद्धा नाही, तस्सं काढून फेकून दिलं. अनंतरावांनी कप खाली ठेवला. त्यात अर्धा चहा होता. घरी थोडं काम आहे म्हणाले आणि उठून गेले. मंदाकिनी, म्हणजे माझी पत्नी, दारापर्यंत गेली आणि परत येऊन माझ्याकडे बघत राहिली. तिने विचारलं, काही बोलले काय तुम्ही त्यांना? मी म्हणालो, मी तर आपल्या कामाचं सांगत होतो.

शेवटी मी सापळा रचला. सुट्टीच्या दिवशी दुपारी मंडळात कोणी नसतं. मी ठसा दर मिनिटाला ताडून बघायची व्यवस्था करून घेतली आणि रंगमंचाच्या पडद्यामागे, हार्मोनियमची पेटी आणि फाटका ढोल यांच्या मधे दबा धरून बसलो. चष्मा धुळीने माखेल म्हणून काढून खिशात ठेवला. बराच वेळ गेला. पाय मुंग्यांनी भरून आले. माझ्या पदाच्या माणसाने असं ढोलाशेजारी बसावं का, हा प्रश्न मनात येऊन गेला, पण कर्तव्यापुढे मी तो बाजूला सारला. मग दार वाजलं. कोणीतरी सावकाश चालत आलं, खुर्ची ओढली आणि एका बोटाने टक, टक अशी अक्षरं दाबू लागलं. प्रत्येक अक्षर शोधायला वेळ लागत होता. मग भोंगा वाजला आणि मी पडदा सारून बाहेर आलो.

खुर्चीत अनंतराव बसलेले होते.

भोंगा ओरडत होता. मी जाऊन आधी तो बंद केला आणि लगोलग ते बटणही दाबलं. सवयीने दाबलं. पडद्यावर काय लिहिलेलं होतं ते बिनचष्म्याच्या डोळ्यांना पुसटसंही दिसलं नाही.

"मी काही खोटं नाही टाकलं, बंडू," अनंतराव म्हणाले.

मी म्हणालो, "खऱ्या-खोट्याचा प्रश्नच नाही. मूळ फाइलीला हात लागला. नारळ तुमच्याच हातांनी फोडला होता न?"

ते उठले. काठी घेतली आणि गेले. मी मागे धावायला हवं होतं. मी त्याऐवजी घटनेचा अहवाल लिहिला.

कार्यकारिणीची तातडीची सभा भरली. मी सर्व पुरावे क्रमाने मांडले. मूळ ठसा चौकटीतला, बदललेला ठसा कागदावरचा, आरोपी हजर. गुन्हा किती काटेकोरपणे सिद्ध झाला याचा मला अभिमान वाटत होता. विनोदिनीबाईंनी विचारलं की अनंतराव, काय टाकलं होतं ते तरी सांगा. मलाही ते सांगता येईना, कारण जे टाकलं होतं ते मीच नियमाप्रमाणे नष्ट केलं होतं. अनंतराव म्हणाले, जे होतं तेच टाकलं. मग त्यांनी मंडळाच्या सल्लागारपदाचा राजीनामा तोंडी दिला. खजिनदारांनी तो लेखी मागितला. अनंतरावांनी तोही शांतपणे लिहून दिला आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी ते चहाला आले नाहीत. दुसऱ्याही दिवशी आले नाहीत. मंदाकिनी त्यांच्या वाट्याचा चहा रोज टाकायची आणि न बोलता ओतून द्यायची. भिंतीला भिंत लागून घर, पण त्यांच्याकडचा रेडिओसुद्धा ऐकू येईनासा झाला. मी स्वतःला सांगत होतो की तत्त्वापुढे मैत्री बघायची नसते. मुद्दाम मोठ्याने सांगत होतो, कारण हळू सांगितलं की पटत नव्हतं. इतक्या वर्षांचा शेजार मी एका अक्षर-आकड्यांच्या रांगेपायी घालवला असेल तर, हा विचार जेवताना मधेच यायचा.

छापखान्याकडून कच्ची छपाई आली. ती मी घरी आणली आणि प्रत्येक पान मूळ फाइलीशी ताडून, सगळं बरोबर आहे असं मंदाकिनीला अभिमानाने सांगितलं. तिने चष्मा लावला आणि वाचायला घेतली. भुलाबाईच्या पानाशी थांबली. आमच्याकडे विदर्भातून आलेल्या घरांत भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत पोरी भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात, खिरापत ओळखायला लावतात. रायपुरात ते बंदच पडलं होतं. मंडळाने ते पुन्हा सुरू केलं, असं त्या पानावर छापलेलं होतं.

"इथं शांतावहिनींचं नाव काहून नाही?" मंदाकिनीने विचारलं.

मी म्हणालो, मूळ फाइलीत नाही म्हणून नाही.

"मूळ फाइलीत होतं. हे पान मी लिहून दिलं विनोदिनीबाईंले. नवं राज्य झालं त्या साली वहिनी नागपूरहून मातीची भुलाबाई मांडीवर घेऊन रेल्वेत बसून आल्या. पाऱ्यातल्या पोट्ट्या गोळा केल्या. त्यात छत्तीसगढी घरच्याही होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं, तर टाळ्यांवर गाणी शिकवली. सगळं लिहिलं होतं मी. अनंतरावजींले वाचूनही दाखवलं होतं."

मी म्हणालो, पण ठसा जुळतो. दसऱ्याला घेतलेला ठसा आणि आजचा, अक्षर न अक्षर जुळतो.

"दसऱ्याचा न? मी दिलं ते घटस्थापनेच्या आधी," ती म्हणाली. "मधल्या दिवसांत काय झालं हे तुमचा ठसा कसा सांगन? अन् मले विचारायचं एकदा. मी घरातच तर असतो."

मी तसाच उठून विनोदिनीबाईंकडे गेलो. त्यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटतच नव्हतं. अष्टमीच्या दिवशी छापखान्याचा फोन आला की पानं जास्त होतात, चार पानं कमी करा. त्या मंडळात गेल्या, कॉम्प्युटरवर बसल्या आणि चार पानं कमी केली. माळ दुसऱ्या दिवशी पडायची होती, तोवर कॉम्प्युटर मोकळाच होता. मी विचारलं, नेमकं काय कमी केलं?

"जे गेले त्यांची नावं," त्या म्हणाल्या. "काय करू, भाऊ? जिवंत माणसाचं नाव काढलं तर तो घरी येऊन भांडतो. गेलेलं कोणी येत नाही."

मला त्यांच्यावर रागावताही येईना. एवढं खरं बोलणारा माणूस मंडळात दुसरा नव्हता. परत येताना सगळं एकदम लख्ख दिसलं. मुहूर्त साधून मी ज्या फाइलीचा ठसा घेतला ती आधीच कापलेली होती. कापलेलीला मी खरी ठरवली, तिच्यापुढे नारळ फोडायला अनंतरावांनाच उभं केलं, तिचा ठसा चौकटीत लावला. आणि मग एक म्हातारा माणूस, ज्याने जन्मात कॉम्प्युटरला बोट लावलं नव्हतं, एकेक अक्षर शोधून आपल्या बायकोचं नाव जागेवर ठेवत होता आणि मी ते दर वेळी इमानेइतबारे पुसत होतो. माझ्या यंत्राने एकदाही चूक केली नव्हती. सगळ्या चुका मी केल्या होत्या. मला इतकी लाज वाटली की मी आमच्या गल्लीत वळायच्या ऐवजी तलावाला एक फेरी मारून आलो.

अनंतराव पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मी उभाच राहिलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं. माफी मागितली. चहाच्या वेळी जे बोललो त्याची वेगळी मागितली. ते बराच वेळ पेपराची घडी घालत राहिले.

"मले वाटलं तुले ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी तिले आत आणली, तू बाहेर काढली. पुन्हा आणली, पुन्हा काढली. मंग वाटलं, बंडूच्या मनात काही असन. कधी तिच्या हातून काही कमी-जास्त झालं असन तुमच्याकडं."

"तुम्ही मला विचारलं काहून नाही?"

"आपल्याच बायकोचं नाव टाका म्हणून सभेत हात पसरू काय?"

मी म्हणालो की उद्याच तो भोंगा काढून टाकतो, सॉफ्टवेअर काढून टाकतो, चौकटही उतरवतो. त्या यंत्राचं तोंड बघायची आता इच्छा नाही. अनंतरावांनी मान हलवली.

"काढू नको," ते म्हणाले. "नाव टाक. मंग घे तुझा ठसा. मी आज आहे, उद्या नाही. माझ्यामागं कोणी तिले काढलं तर तो भोंगा वाजला पाहिजे."

आम्ही दोघं तसेच मंडळात गेलो. मंदाकिनीही आली, तिने मूळचा मजकूर तोंडपाठ सांगितला. टाइप मी करायला बसलो तर अनंतरावांनी मला उठवलं. शांताबाईंच्या नावापर्यंत मी लिहायचं आणि नाव त्यांनी, असं ठरलं. ते त्यांनी एका बोटाने लिहिलं. हळदीने बसलेल्या अक्षरांपैकी एक नेमकं त्यात लागत होतं, ते किती वेळ दाबून धरावं लागलं. ठसा मी तिथल्या तिथे घेतला. विनोदिनीबाईंनी बाकीच्याही गेलेल्यांची नावं आठवून आठवून परत आणली. पानं वाढली, म्हणून अध्यक्षांचं मनोगत चार ओळींवर आलं, आणि ते घरी येऊन भांडलेही.

दिवाळीनंतर स्मरणिका छापून झाली, वाटून झाली. लोकांनी त्यात आपापलं नाव बघून ती कपाटात ठेवली. फाइलीला आता कोणी हात लावायचं कारण उरलेलं नाही. सुशीलने बसमध्ये विचारलं, "सर, अब बंद कर दें?" मी नाही म्हणालो. उलट, बदल झाला तर भोंगा वाजतो तसा बदल न झाल्याचाही संदेश रोज पाठवता येतो का, असं विचारलं. तो म्हणाला येतो, पण तो कोणी वाचत नाही. मी त्याला अनंतरावांचा नंबर दिला.

आता रोज सकाळी त्यांच्या फोनवर संदेश येतो की फाइल जशी होती तशीच आहे. ते चष्मा लावून तो पूर्ण वाचतात आणि मग दाढी करायला बसतात.